टीका रास्त असेल तेव्हा उत्तर कसे द्यावे?

प्रश्न (गोरेगाव)
गेली चार वर्षे मी पगाराचा दहावा हिस्सा मलेरियापासून बचाव करणाऱ्या मच्छरदाण्या वाटणाऱ्या संस्थेला देते. त्याच पैशात जास्तीत जास्त दुःख कुठे हलके होईल हे पुराव्यानिशी तपासून दान करावे, हा ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’चा विचार मला मनापासून पटतो. मागच्या आठवड्यात दादरच्या एका बैठकीत, गोवंडीत काम करणाऱ्या एका ताईंनी मला विचारले, “ज्यांच्यासाठी तुम्ही हा हिशेब मांडता, त्यांना काय हवे आहे हे कोणी विचारले का?” मी वाचलेल्या जिवांचे आकडे सांगत राहिले आणि त्या गप्प बसल्या. परतताना लोकलमध्ये जाणवले, की त्यांच्या प्रश्नाला मी हातच घातला नव्हता. मूळ विचार न सोडता अशा टीकेला काय उत्तर द्यावे?

उत्तर १ (ठाणे)
आधी टीकेतले जेवढे खरे आहे तेवढे आडपडदा न ठेवता मान्य करावे. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स ही क्रिप्टोचलनाचे व्यवहार करणारी कंपनी बुडाली आणि 2024 मध्ये तिचा संस्थापक व या विचाराच्या संस्थांना मोठ्या देणग्या देणारा सॅम बँकमन-फ्राइड याला फसवणुकीबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा “एका माणसाच्या फसवणुकीने विचार खोटा ठरत नाही” असे मीही म्हणत होतो. ते खरे असले, तरी टीकाकारांचा प्रश्न निराळा होता: मच्छरदाणीमागचा पुरावा इतक्या बारकाईने तपासणाऱ्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एकाला इतक्या सहज मोठेपणा कसा दिला? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तसे मी सांगायला हवे होते.

उत्तर २ (मुलुंड)
ताईंच्या प्रश्नाला अंशतः उत्तर आहे. कोणत्या संस्थेला पैसे द्यावेत हे सुचवणाऱ्या गिव्हवेलच्या हिशेबात, एक जीव वाचवणे आणि एका कुटुंबाचे उत्पन्न वाढवणे यांना किती वजन द्यायचे हे पूर्वी प्रामुख्याने तिचे कर्मचारीच ठरवत. 2019 मध्ये आयडीइनसाइट या संशोधन संस्थेने केनिया आणि घानामधील गरीब कुटुंबांना हेच थेट विचारले. त्यांनी जीव वाचवण्याला, विशेषतः लहान मुलांच्या, बरेच अधिक मोल दिले आणि त्यानंतर गिव्हवेलने आपली वजने बदलली. मात्र प्रश्नावली आपलीच होती. रस्ता हवा की दवाखाना, हे ठरवण्याचा अधिकार त्या लोकांकडे गेला नाही, आणि ताईंचा रोख बहुधा तिकडेच असावा. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचाही आक्षेप याच अंगाने जातो: बाहेरून येणारा पैसा सरकारला नागरिकांपुढे उत्तरदायी राहण्याची गरज कमी करतो.

उत्तर ३ (चेंबूर)
त्यासाठी मोजमाप सोडायचे कारण नाही. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबईच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणी शिकवत, आणि त्याचा परिणाम अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक चाचणीने, म्हणजे उपक्रम कुठे राबवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून आणि मग तुलना करून, तपासला. शिकवणारी माणसे तिथलीच, शाळाही पालिकेचीच, आणि तरीही पुरावा काटेकोर.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मच्छरदाण्यांचे दान मी थांबवणार नाही. रविवारी मात्र ताईंकडे जाऊन, त्या दिवशी मी उत्तर टाळले हे आधी सांगेन, आणि वस्तीतल्या बायका कोणती गोष्ट पहिली मागतात ते ऐकून घेईन.