परदेशी लवादाचा निवाडा आपल्या कोर्टाने पुन्हा उकरावा का?

आडकित्ता:
दोन कंपन्या करार करतात, वाद झालाच तर लंडनला नाहीतर सिंगापूरला लवाद बसेल असं लिहून सह्या ठोकतात, लवाद बसतो, दोन्हीकडचे वकील तोंडाला फेस येईपर्यंत भांडतात, निवाडा येतो आणि मग हरलेला आपल्या हायकोर्टात येऊन सांगतो की हे भारताच्या पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या, विरुद्ध आहे! अहो सही करताना झोपला होतात का? एकमेकांकडचे लवादाचे निवाडे मानायच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आपण आहोत, १९९६ च्या आपल्या लवाद कायद्यातल्या कलम ४८ मध्ये नकाराची कारणं मोजकीच आहेत, २०१५ च्या दुरुस्तीत तर सरळ लिहिलंय की धोरणाच्या नावाखाली वादाचे गुणदोष, म्हणजे कोण बरोबर कोण चूक, पुन्हा तपासायचे नाहीत. कोर्टाने कागद बघावेत, समोरच्याला नोटीस मिळाली होती का ते बघावं आणि बजावणी, म्हणजे निवाड्याप्रमाणे वसुली, करून मोकळं व्हावं.

मुद्देसूद:
मोकळं व्हावं म्हणे. कोर्ट म्हणजे काय रबरी शिक्का? नायजेरियाचं प्रकरण विसरलात वाटतं. गॅस प्रकल्पाच्या वादात लवादाने देशावर जो बोजा टाकला तो व्याजासकट ११ अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि २०२३ मध्ये कोर्टात निघालं की लाच दिलेली, नायजेरियाचेच गोपनीय कायदेशीर कागद समोरच्या पार्टीच्या हातात. लवादातले तिघं नामांकित होते, कोणाला काही दिसलं नाही!

आडकित्ता:
अहो पण ते कोर्ट लंडनचं आणि लवादही लंडनचाच. जिथे लवाद बसला तिथलं कोर्ट निवाडा रद्द करू शकतं, कोण नाही म्हणतंय? आपण बोलतोय दुसऱ्या देशातल्या वसुलीबद्दल. आपलं कोर्ट परदेशी निवाडा रद्द करतच नाही, इथे बजावायचा की नाही एवढंच ठरवतं.

मुद्देसूद:
बरं, ते मान्य. मग नाफेड ही आपली शेतमालाची सहकारी संस्था आणि अलिमेंटा ही परदेशी कंपनी, यांची शेंगदाण्याची केस घ्या. नाफेडने ५,००० टन द्यायचे होते, १,९०० गेले, उरलेला माल पुढच्या हंगामात पाठवायला सरकारने परवानगीच दिली नाही. निर्यातबंदी आली तर तेवढा करार रद्द, असं करारातच होतं. तरी लंडनच्या लवादाने नाफेडवर भरपाई लावली. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावणी नाकारली, बरोबरच केलं. माल पाठवला तर कायदा मोडतो, नाही पाठवला तर दंड, माणसाने करायचं काय?

आडकित्ता:
करारातलं ते कलम लवादाने वाचलं होतंच ना? कोर्टाने पुन्हा वाचून वेगळा अर्थ लावला, यालाच गुणदोष तपासणं म्हणतात.

दरखास्तवाला:
मी या कामात नुसता कागद फिरवणारा, तरी बोलतो. शेंगदाण्याचा निवाडा १९८९ चा, नकार आला २०२० ला. एकतीस वर्षं! त्यावर दोघंही गप्प. आणि त्याच निकालाच्या दोनच महिने आधी विजय कारिया केसमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा भंग झाला एवढ्यावर बजावणी अडत नाही, वर अपील करणाऱ्यांना ५० लाख खर्च लावला. आता अशिलाने विचारलं साहेब आपलं काय होईल, तर वकिलाने कुठला निकाल दाखवायचा? मूळ निवाडा किंवा प्रमाणित प्रत, लवादाचा करार, भाषांतर, निवाडा झाला तो देश सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्यांत आहे का, हे सगळं जुळवेपर्यंत समोरचा उत्तराला मुदत मागून मोकळा. पहिल्या तारखेलाच रक्कम कोर्टात जमा करायला लावा, मग उकरा काय उकरायचं ते.

आडकित्ता:
जमा करण्याला आपला पाठिंबा.

मुद्देसूद:
नायजेरियालाही २०१९ मध्ये २० कोटी डॉलर जमा करायला सांगितलं होतं. निवाडा शेवटी काय निघाला ते वर लिहिलंय.

दरखास्तवाला:
जमा केलेले परत तरी मिळतात हो. आमच्या एका केसमध्ये बजावणीचा हुकूम हातात पडून बेलीफ गोदामावर गेला तेव्हा आत एक मोडका वजनकाटा आणि भिंतीवर चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. पंचनामा अर्ध्या पानात संपला.