गोदावरीतल्या गोट्यासारखी किटली: तोटीचं काय करू?

मातीवाली_नाशिक:
नमस्कार. मी गंगापूर रोडला राहते, घरीच चाकावर भांडी करते. उन्हाळ्यात सोमेश्वरला पाणी ओसरलं की काळे गोटे उघडे पडतात. त्यातल्या एका बसक्या, गुळगुळीत गोट्यावर जीव जडला. तशीच किटली हवी: बाहेरून ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) नाही, नक्षी नाही, नुसता काळपट स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक भाजलेली माती, १२२० अंशांना भाजलेला.

तीन केल्या. आकार मनासारखा उतरला, पण अर्धी भरते न भरते तोच चहा तोटीतून बाहेर! शिवाय ओतून झालं की शेवटचा थेंब तोटीच्या पोटाखालून ओघळतो. सासूबाईंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर डाग पडलेत. गोट्याचं गोटेपण न मोडता तोटी आणि मूठ कशी बसवू?

जुना_कारागीर:
ताई, तोटीचं टोक निदान किटलीच्या तोंडाइतकं उंच हवंच. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत चढतं, त्यामुळे टोक जिथे, तिथवरच किटली भरणार. किटली बसकीच राहू द्या, तोटी पोटातून न काढता खांद्यावरून काढा, आखूडही दिसेल.

थेंबाचं कारण ओठ. आतलं ग्लेझ टोकाशी साचून काठ गोल झाला असणार. गोल काठाला धरून पाणी खाली वळतं. पावसात पिंपळाचं पान बघा. टोक इतकं निमुळतं की थेंब तिथूनच सुटतो. माती अर्धवट सुकली की ओठ चाकूनं धारदार कापा आणि भाजण्याआधी त्यावरचं ग्लेझ ओल्या स्पंजनं पुसा. निसर्गाचं नुसतं रूप घेतलंत, त्याची रीतही घ्या.

सातपूरकर:
मूठ वेताची करा, वरून कमानीसारखी. खांद्यावर दोन छोटे कान ठेवा, वेत भाजल्यानंतर ओवा. बिनमुठीची किटली आपल्या कडक चहाला चालायची नाही, हात पोळेल. झाकणाला हवेचं भोक आहे ना? नसेल तर धार अडखळते. तोटीच्या मुळाशीही भोकं भरपूर पाडा, नाहीतर चहापत्ती झारीतल्या शुक्राचार्यासारखी अडून बसते.

मातीवाली_नाशिक:
काका, दादा, चौथी काल भट्टीतून निघाली! पिंपळाचं पान समोर ठेवूनच ओठ कापला. वीसेक वेळा पाणी ओतून पाहिलं. थेंब तुटून कपात पडतो, तोटीखाली बोट फिरवलं तर कोरडं. झाकण मात्र एका बाजूला किंचित डुगडुगतंय.

जुना_कारागीर:
झाकण वेगळं सुकवलंत का? किटलीवर ठेवूनच सुकवा आणि कच्ची भाजणीही, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, तशीच करा. दोन्ही बरोबर आकसतात.