शरणागतासाठी गड पणाला लावणारा हंमीर खरा ‘पुरुष’ ठरतो का?

खाडीकाठ, गुहागर

पंधराव्या शतकाच्या आरंभी मिथिलेत विद्यापतींनी संस्कृतात लिहिलेल्या ‘पुरुषपरीक्षा’ या कथासंग्रहात राजा आपल्या मुलीसाठी, पद्मावतीसाठी, वर कसा निवडावा असे सुबुद्धी मुनींना विचारतो, आणि मुनी ‘पुरुषाला दे’ एवढेच सांगतात. राजा बुचकळ्यात पडतो, तेव्हा मुनी स्पष्ट करतात की पुरुषाचा नुसता आकार असलेले पुष्कळ भेटतात, खरा पुरुष मात्र विरळा असतो. पुढे वीरांचे चार प्रकार येतात: दानवीर, दयावीर, युद्धवीर आणि सत्यवीर. चारांपैकी तलवारीच्या नावाचा प्रकार एकच आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

दयावीर म्हणून तेथे रणथंभोरचा हंमीरदेव येतो. अल्लाउद्दीन खिलजीच्या रोषाला पात्र ठरलेल्या एका मुसलमान योद्ध्याने त्याच्याकडे आश्रय मागितला. हंमीराने त्याला सुलतानाच्या हवाली केले नाही. 1301 मध्ये गड पडला आणि हंमीर लढता लढता मारला गेला. शरण आलेल्याचा धर्म न पाहता दिलेला शब्द पाळणे हीच पुरुषत्वाची सर्वांत कठीण कसोटी आहे, असे माझे ठाम मत आहे.

स्मृतिपाठक, ठाणे

मी असहमत आहे. ‘प्रधानं क्षत्रिये कर्म प्रजानां परिपालनम्’, म्हणजे प्रजेचे पालन हेच क्षत्रियाचे मुख्य कर्म, असे याज्ञवल्क्यस्मृती हा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो, आणि या स्मृतीवर बाराव्या शतकात मोठा टीकाग्रंथ (भाष्य) लिहिणारा अपरादित्य हा आपल्या उत्तर कोकणचाच शिलाहार राजा होता. म्हणजे राजाने काय करावे हा प्रश्न येथे केवळ पंडितांच्या पोथीतला नव्हता, तो गादीवर बसलेल्या माणसाचाही होता. एका पाहुण्यासाठी हंमीराने अख्खा गड मृत्यूच्या दारात उभा केला. स्त्रियांनी जोहार केला, म्हणजे स्वतःला अग्नीत झोकून दिले. राजाचा प्राण त्याचा स्वतःचा असेल, पण प्रजेचे प्राण त्याच्याकडे ठेव म्हणून असतात, आणि ठेवीतून दानधर्म करता येत नाही.

खाडीकाठ, गुहागर

त्याच स्मृतीच्या आचाराध्यायात, आपण दिलेल्या ओळीच्या अगदी जवळच, अहिंसा, सत्य, दान, दया, क्षमा ही ‘सर्वेषां धर्मसाधनम्’, म्हणजे सर्वांसाठी धर्माचे साधन, म्हटली आहेत. ‘सर्वेषां’मधून राजाला वगळलेले नाही. शिवाय आज शरणागताला बाहेर काढणारा राजा उद्या प्रजेपैकी कोणाला बाहेर काढणार नाही, याची हमी प्रजेने कशाच्या बळावर धरावी?

तांडेलाची मुलगी, हर्णै

आपण दोघेही राजाच्या बाजूने विचार करत आहात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, होते. मी शाळेत असताना, नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर एके दिवशी अचानक वारा फिरला आणि परक्या बंदराची एक होडी इंजिन बंद पडून खडपाकडे वाहत चालली. आमचे जाळे पाण्यात होते. ते ओढून घ्यायला तास लागला असता, म्हणून वडिलांनी कोयत्याने दोर तोडला, होडी वळवली आणि त्या पाचही माणसांना आमच्या होडीवर घेतले.

जाळे व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीवर आणलेले होते. आमच्या होडीवरच्या सातही खलाशांची कमाई वाट्यावर होती, त्यामुळे जाळे गेले म्हणजे त्यांच्या घरची चूलही अडली. तो हंगाम आईने सुकट डोक्यावर घेऊन गावोगाव विकण्यात काढला. बंदरावर सगळे वडिलांना ‘मर्द माणूस’ म्हणत. आईला कोणी काही म्हटले नाही.

म्हणून ती चौकटीची कथा वाचताना मी पद्मावतीपाशी थांबते. प्रश्न राजाचा, उत्तर मुनींचे, आणि निवडलेल्या पुरुषाबरोबर आयुष्य काढायचे तिने. पुरुषाच्या दयेची किंमत ज्यांच्या घरातून जाते, त्यांना कसोटीत जागा नसेल तर ती कसोटी अपुरी आहे. तरीही हंमीराने त्या योद्ध्याला हवाली करायला हवे होते, असे माझ्या तोंडून निघत नाही. त्या पाच जणांचे ओले, पांढरेफटक चेहरे मी धक्क्यावर पाहिले आहेत.

स्मृतिपाठक, ठाणे

आपल्या वडिलांना मी निःसंकोच दयावीर म्हणेन, कारण त्यांनी गमावलेले जाळे पुन्हा विणता येणारे होते. हंमीराविषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. तांडेलाने सात खलाशांसह होडीच खडपावर घातली असती, तर आपण काय म्हटले असते?

तांडेलाची मुलगी, हर्णै

हा प्रश्न आईने त्याच रात्री विचारला होता. माणसे वाचवली हे चांगलेच केले, पण दोर तोडण्यापूर्वी सातही घरे डोळ्यांपुढे आणली होती का, असे तिने विचारले. वडील म्हणाले, आणली होती, आणि म्हणूनच कोयता हातात घेतल्यावर त्यांनी सातही जणांकडे एकदा पाहिले. कोणी मान हलवली नाही, कोणी हातही धरला नाही.