मदत हवी आहे: मैदानाच्या मागच्या भागातून वाजवूनही ताल न सुटलेले जुने हायस्कूल मार्चिंग बँड शो सुचवा

अमेरिकेतल्या हायस्कूल बँडच्या ड्रिलचा, म्हणजे वाजवता वाजवता मैदानावर कोणी कुठे चालायचं या आखणीचा, अभ्यास सुरू आहे आणि एकाच जागी गाडी अडली आहे. पुढच्या साइडलाइनपासून (प्रेक्षकांकडच्या कडेपासून) मागची हॅश, म्हणजे फुटबॉल मैदानावरच्या खुणांची मागची ओळ, 106 फूट 8 इंचांवर असते. तिथून निघालेला आवाज पुढे यायला सुमारे 95 मिलिसेकंद लागतात. 180 च्या टेंपोला एक ठोका 333 मिलिसेकंदांचा, म्हणजे पाव ठोक्याहून जास्त उशीर! मागचा ड्रमलाइन (चालत ड्रम वाजवणारा गट) ड्रम मेजरचा, म्हणजे समोर उभं राहून ताल देणाऱ्याचा, हात बघून वाजवतो. पुढच्या पिटनेही (कडेला एका जागी उभं राहून झायलोफोनसारखी वाद्यं वाजवणाऱ्या गटानेही) हातच बघितला तर झायलोफोन आधी आणि मागचा स्नेअर ड्रम नंतर ऐकू येतो. म्हणून पिटने हाताकडे न बघता मागचा आवाज ऐकून वाजवायचं, हे ठाऊक आहे. पण ड्रमलाइन दोन टोकांना फुटला की पिटने ऐकायचं कोणाचं?

2008 पासून बँड्स ऑफ अमेरिकाची ग्रँड नॅशनल्स, म्हणजे हायस्कूल बँडची राष्ट्रीय स्पर्धा, इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होतात. छताखाली घुमणारा आवाज हा आणखी एक ताप. टारपन स्प्रिंग्ज 2014, ब्रोकन ॲरो 2015, व्हँडेग्रिफ्ट 2019 हे विजेते शो यादीत आहेतच.

यांपैकी किंवा इतर कुठल्या शोमध्ये ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) मागे, ड्रमलाइन फुटलेला आणि पावलं नेहमीच्या 22.5 ऐवजी 30 इंचांची, असा तुकडा आहे? शाळा, वर्ष आणि साधारण कितवं मिनिट एवढं कळवा. वरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण असेल तर फारच उत्तम, खालून रांगांमधलं अंतर कळत नाही.