मिनी ऑसीडूडल पिल्लू पोरांच्या टाचा पकडतं, घेरा घालतं. चावरं आहे की हे हर्डिंग, म्हणजे कळप हाकणं?

मनीषनगरची_आई
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवा होता. आमच्याकडे नागपुरात टिकली आहे, मिनी ऑसीडूडल, म्हणजे आई ऑस्ट्रेलियन शेफर्ड (ऑसी) आणि बाप मिनिएचर पूडल असं सांगून दिलेली, आता सात महिन्यांची होईल. घरात मुलगी नऊ वर्षांची अन् मुलगा सहाचा. मुलं बसलेली असली की ही मांडीत, लाडोबा नुसती, पण ती पळायला लागली रे लागली की हिचं रूपच बदलतं, खाली वाकते, रोखून पाहते, मागून गोल फिरून येते आणि टाचेला दात लावते. रक्त कधी निघालं नाही पण पायमोज्यांची चाळण झालीय. पाहुणे आले की सगळे हॉलमध्ये बसेपर्यंत हिला चैन नाही, कोणी बाथरूमला उठलं तर मागे जाऊन परत आणायला बघते 😅 रस्त्यावर स्कूटर दिसली की पट्टा ताणते. सासूबाई म्हणतात कुत्रं चावरं आहे, कोणाला तरी देऊन टाका. विकणाऱ्याने तर सांगितलं होतं की पूडलमुळे एकदम शांत स्वभाव असतो म्हणून. ओळखीतले एकजण म्हणाले नाकावर चापट द्या, ते मला पटत नाहीये. आणि आता तान्हा पोळा येतोय, सोसायटीतली सगळी पोट्टी लाकडी बैल ओढत पळणार, मला आत्तापासूनच धडकी भरलीय. काय करावं?

वऱ्हाडी_भाऊ
अवं ताई, चावत नाई ते, तुमच्या पोट्ट्यायले हाकून राह्यली 😂 तिच्या हिशोबानं मेंढ्या हायेत त्या दोन. अन् पाहुणा उठून गेला म्हंजे कळपातून एक मेंढी सुटली. पण एक सांगतो, आपल्याकडच्या धनगरायचे कुत्रे पाह्यले असतीन तं ते असं काई करत नाईत, ते कळपासंग राह्यतात, रातच्याला लांडगा-चोर आला तं भुकतात, आंगावर जातात. हाकायचं काम मानूस करते. हे तुमचं इलायती कुत्रं हाकाईचं हाय, राखनीचं नाई, म्हून आपल्याले ते इचित्र वाटते. देऊन गिऊन टाकू नका बाप्पा.

डूडलवाली_धरमपेठ
भाऊंनी बरोबर सांगितलं, मी थोडं लांबण लावते कारण माझ्याकडे पण असंच एक ध्यान आहे.

मुळात नाव ऑस्ट्रेलियन असलं तरी ही जात घडली अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रँचेसवर, मेंढ्या आणि गाई दोन्ही हाकायला. बॉर्डर कॉली जशी वाकून डोळ्यांनीच मेंढीला खिळवते तसं ऑसी कमी करतो, तो जास्त करून उभ्यानेच, अंगाने रेटून, भुंकून आणि गाय हललीच नाही तर टाचेला दात लावून काम करतो. लांडगा शिकार करताना पाहतो, दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो, मारतो, त्यातलं शेवटचं मारणं माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून काढून टाकलं आणि आधीचं ठेवलं, त्याला आपण हर्डिंग म्हणतो. म्हणून रक्त निघत नाही तुमच्याकडे. राग आलेलं कुत्रं आधी ताठ होतं, गुरगुरतं, आणि मुख्य म्हणजे समोरचा स्थिर उभा असला तरी चावतं. टिकली पोरं थांबल्यावर थांबते का, हे बघा. थांबत असेल तर सासूबाईंना ते करूनच दाखवा, माझ्या सांगण्यापेक्षा ते पटेल.

आता पूडलचं. लोकांना वाटतं पूडल म्हणजे सोफ्यावरचं खेळणं. ते मूळचं जर्मनीकडचं पाण्यातलं शिकारी कुत्रं आहे, मारलेलं बदक तलावातून काढून आणायचं काम. म्हणजे तोंडात काहीतरी धरायची हौस दोन्हीकडून, अक्कलही दोन्हीकडून, आणि पूडल भयंकर हळवं, घरातला आवाज चढला की ते बिथरतं. त्यामुळे चापट वगैरे बिलकुल नको, हर्डिंग तर थांबणार नाहीच, वर हाताला घाबरायला लागेल आणि मग खरंच चावेल.

आणि मिनी म्हणजे अंगाने मिनी. मिनिएचर पूडल १० ते १५ इंच उंच, त्याने पिल्लाचा आकार उतरतो, अंगातलं काम उतरत नाही. एकाच वेतातलं एक पिल्लू आळशी निघतं आणि दुसरं दिवसभर घरच्यांची हजेरी घेत फिरतं, तो शांत स्वभाववाला सौदा कोणीच लिहून देऊ शकत नाही.

करायचं काय, तर पाठलाग हेच तिचं बक्षीस आहे. प्रत्येक वेळी पळणारं पोर मिळालं की सवय घट्ट. म्हणून मुलांच्या धिंगाण्याच्या वेळी ती मोकळी नकोच, घरातही हलका पट्टा लावून तुमच्याजवळ, नाहीतर जाळीच्या फाटकाआड चघळायला काहीतरी देऊन. मुलांना बर्फ-पाणी शिकवा, ती मागे आली की दोघं बर्फ, हात छातीशी, किंचाळायचं नाही. मेंढी हललीच नाही तर तिला मजा येत नाही. ती शांत झाली की खेळणं तुम्ही द्यायचं, मुलांनी नाही. आणि ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी ना, त्यासाठी काठीला दोरी आणि दोरीला जुन्या टॉवेलचा तुकडा बांधा, जमिनीलगत गोल फिरवा, "घे" म्हटलं की पाठलाग, "सोड" म्हटलं की सोडून बसणं, बसली की परत "घे". उंच उड्या नको, हाडं अजून वाढतात. हा खेळ म्हणजे मला वाटतं अर्धं ट्रेनिंग आहे, कारण तिला पाठलाग पण मिळतो आणि ब्रेक लावायला पण ती शिकते. जर्मनीत ट्राइबबॉल नावाचा खेळ निघालाय, त्यात कुत्रं मोठे जिमचे बॉल नाकाने ढकलत मालकाकडे आणतं, मेंढ्यांऐवजी बॉल. गच्चीवर एका बॉलने सुरू करा, सोपं आहे.

स्कूटरचं वेगळं. जिथून तिला स्कूटर दिसते पण ती ताणत नाही तेवढ्या लांब उभं राहायचं, स्कूटर पाहिली आणि तुमच्याकडे वळून पाहिलं की खाऊ. हळूहळू जवळ. वर्धा रोडवर हे करू नका बाई, बेसाकडच्या आतल्या गल्लीत करा.

सदर_का_शेरू
थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. आजकाल पिल्लाने काहीही केलं की हर्डिंग हर्डिंग. लॅबचं पिल्लू पण पळणाऱ्या पोराची चड्डी पकडतं, इंडी म्हणजे आपलं देशी कुत्रं पण पकडतं. पिल्लांना दिवसाला १८ तासांच्या आसपास झोप लागते, सात महिन्यांच्या कुत्र्याला थोडी कमी पण लागतेच, आणि ज्या घरात दोन मुलं, टीव्ही, येणारेजाणारे, तिथे ती झोप होत नाही अन् संध्याकाळी कुत्रं पिसाळल्यागत करतं. त्यावर लोक अजून खेळवतात, अजून पळवतात, मग ते अजूनच चेकाळतं. ताई, हिचा हा प्रकार दिवसभर असतो की संध्याकाळीच, ते बघा आधी. संध्याकाळीच असेल तर दुपारी बंद खोलीत झोपवा.

दुसरं, मिनी ऑसीडूडल म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं मला ल्हासा आणि शित्झूचं मिक्स वाटतं. २०१३ पासून ब्रीडिंगसाठी बाहेरून कुत्रे आणण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे कोणी इम्पोर्टेड लाइन म्हणून मोठी रक्कम सांगितली तर आईबाप डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नये. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. डूडल ही कुठल्या मोठ्या केनेल क्लबची मान्य जात नाहीच, तेव्हा कागद दाखवले तरी ते कशाचे हे विचारा.

मनीषनगरची_आई
शेरूभाऊ, आई बघितली होती, ऑसीच होती, निळसर करडी ठिपक्यांची, शेपूट आखूड. बापाचा फक्त फोटो. आणि हो, संध्याकाळी जास्त असतं खरं, पण सकाळी शाळेच्या बसकडे मुलं पळतात तेव्हा पण करतेच. धरमपेठच्या ताई, तुम्ही सांगितलेलं काल करून बघितलं, मुलं थांबली की ती पण थांबते, मग दोन मिनिटं भुंकते आणि जाऊन पाणी पिते 😄 सासूबाईंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत पण देऊन टाका पण म्हणाल्या नाहीत.

गोरेवाडा_डॉक
मी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकतो. स्वभावाबद्दल वरच्यांनी सांगितलंच, मी औषधाचं सांगतो, कारण आई ऑसी होती म्हणालात. ऑसीमध्ये एमडीआर१ नावाच्या जीनमध्ये बिघाड खूप जणांत सापडतो, जवळपास निम्म्या कुत्र्यांत. तो बिघाड असला की काही औषधं मेंदूत शिरतात जी एरवी शिरत नाहीत. यात आपल्या कामाचं म्हणजे इव्हरमेक्टिन. पावसाळ्यात गोचीड झाले, खरूज झाली की हे इंजेक्शन सर्रास टोचतात, कधी मेडिकलवाला पण देतो. महिन्याच्या हार्टवर्मच्या, म्हणजे हृदयातल्या जंतांच्या, गोळीतला डोस अगदी बारीक असतो, तो चालतो, पण खरजेसाठीचा मोठा डोस दिला तर झोकांड्या, लाळ, फिट, कोमापर्यंत जाऊ शकतं. जुलाबाची लोपेरामाइडची गोळी पण घरच्या घरी द्यायची नाही. मिक्स असलं तरी आईकडून त्या बिघडलेल्या जीनची एक कॉपी येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरकडे फाइलवर पहिल्याच पानावर ऑसी मिक्स असं लिहून घ्या. गाल आतून पुसून घेतलेल्या नमुन्यावर याची डीएनए टेस्ट होते.

आणि उन्हाळ्याचं आत्ताच डोक्यात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे काठीदोरीचे खेळ पहाटेच. असली कुत्री स्वतःहून थांबत नाहीत, जीभ लोंबेपर्यंत पळत राहतात, थांबवायचं तुम्हाला आहे.

वऱ्हाडी_भाऊ
तान्ह्या पोळ्याचं कोनी सांगतच नाई राजेहो. ताई, त्या दिवशी तिले खाली नेऊच नका. लाकडी बैलाची चाकं खडखड, वरून पोट्टे नटूनथटून पळतात, त्यायले पाहून माह्यावाला साधा गावठी पन येडा होते. दुपारी दमवून घ्या, मंग आतल्या खोलीत पंखा लावून, टीव्हीचा आवाज मोठा करून, चघळाले काहीतरी द्या. बोजारा, म्हंजे खाऊ-पैसे, मांगत पोट्टे दारावर येतीन तं दार उघडाच्या आंधी आतली कडी लावा.

डूडलवाली_धरमपेठ
हो, भाऊंचं अगदी बरोबर, सराव त्या दिवशी करायचा नाही. पण आजपासून घरात रोज थोडा वेळ मुलाने लाकडी बैल हळू ओढायचा, टिकली चटईवर बसलेली, तुम्ही शेजारी, बैल हलला आणि ती बसून राहिली की खाऊ. आधी चालत, मग जरा भरभर. यंदा नाही तर पुढच्या पोळ्याला जिन्यात उभी राहून बघेल.

मनीषनगरची_आई
बैल काढला कपाटातून, चाकाला तेल पण दिलं, आवाज कमी होईल म्हणून. फाइलवरचं उद्याच लिहून घेते. अजून एक, हिच्या कानामागे केसांच्या गुठळ्या होतायत, ब्रश वरवर फिरतो आणि आत तसंच राहतं. कोणी मनीषनगर-बेसाकडचा ग्रूमर सांगा जो सरसकट टक्कल करणार नाही.

सदर_का_शेरू
ग्रूमर नंतर, आधी स्टीलचा बारीक दातांचा कंगवा घ्या, ब्रशनंतर तो कातडीपर्यंत अडकल्याशिवाय गेला पाहिजे. आत्ताच्या गुठळ्या कात्रीने कापू नका, कातडी त्यातच ओढली गेलेली असते. मशीननेच काढायला सांगा. नाव मेसेजमध्ये टाकतो.