लष्करी रायफलींची अधिकृत नावे कशी ठरतात? मदत हवी आहे

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातील आमच्या वाचनालयात माजी सैनिकांच्या आठवणींचे छोटे प्रदर्शन भरणार असून, शस्त्रांच्या छायाचित्रांखालील मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. ती शस्त्रे ज्यांनी स्वतः हाताळली तेच ते वाचणार आहेत, म्हणून प्रत्येक नाव अधिकृतच असावे असा माझा आग्रह आहे.

जुन्या ब्रिटिश पद्धतीत आधी शस्त्राचा प्रकार, मग क्रमांक आणि शेवटी मार्क, म्हणजे आवृत्तीचा आकडा, येतो. १९२६ मध्ये ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीला ‘रायफल नं. १ मार्क ३’ हे नाव मिळाले. मार्कापुढे ‘स्टार’ असेल तर त्याच मार्कात किरकोळ बदल झालेला असतो. अमेरिकेत नावात आधी साल असे, जसे एम१९०३. ती प्रथा सुटल्यावर गॅरंड रायफल एम१ झाली, एक कार्बाईन (आखूड बंदूक) सुद्धा एम१ झाली आणि पोलादी शिरस्त्राणही एम१च झाले. तेव्हा प्रकार सोडून नुसता आकडा लिहिण्यात काही अर्थ नाही, एवढे मला पटले आहे.

अडचण भारतीय नावांची आहे. एका छायाचित्रामागे हवालदार काकांनी शाईच्या पेनाने ‘७.६२ वन-ए-वन’ असे लिहून ठेवले आहे. ती इशापूरच्या रायफल कारखान्यातली एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) आहे, हे उघड आहे. परंतु कानपूरची ९ मि.मी. कार्बाईनसुद्धा १ए१ आहे, म्हणजे आपल्याकडेही क्रमांक प्रकारागणिक नव्याने सुरू होतो असे दिसते. इशापूरच्याच ७.६२ मि.मी. बोल्ट रायफलीचे २ए आणि २ए१ असे दोन नमुने आहेत. पहिल्याच्या नेम धरण्याच्या साईटवर २००० मीटरपर्यंतच्या खुणा होत्या, दुसऱ्याच्या साईटवर त्या ८०० मीटरपर्यंतच ठेवल्या; त्यामुळे ‘ए’नंतरचा आकडा सुधारणा दाखवतो हे कळते.

मात्र ‘बी’चे कोडे सुटत नाही. ५.५६ मि.मी.ची भारतीय बनावटीची इन्सास रायफल १बी१ आहे, म्हणून ‘बी’ नळीच्या नव्या व्यासासाठी असेल असे वाटले होते. पण ब्रेन या जुन्या ब्रिटिश मशीनगनच्या घडणीची आपली ७.६२ मि.मी. मशीनगनही १बी आहे, तेव्हा तो तर्क टिकत नाही.

अंबरनाथच्या आयुध निर्माणीत किंवा सैन्याच्या आयुध विभागात काम केलेले कोणी येथे असल्यास, हे ‘बी’ कशावरून पडते ते कृपया सांगावे. तसेच साठा-नोंदवहीत ‘रायफल ७.६२ मि.मी. १ए१’ असा प्रकार आधी लिहिण्याचा क्रम होता का, हेही कळवावे. तो असल्यास मी सर्व मजकूर त्याच क्रमाने लिहीन.