मालकीने फरक पडतोच
‘धडे फुकट मिळाल्याशी मतलब, मालकी कुणाची का असेना’ असं वर एकांनी लिहिलंय. मला नाही पटत. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या कंपनीच्या ॲपवर कितीतरी भाषांचे अभ्यासक्रम स्वयंसेवकांनी उभे केले; २०२१ मध्ये कंपनीने ती योजनाच बंद केली.

उलट तातोएबा हे वाक्यांचं आणि त्यांच्या भाषांतरांचं खुलं संकेतस्थळ बघा. २००६ पासून लोक तिथे वाक्यं आणि भाषांतरं घालताहेत. इंग्रजी ‘यू’ असलेल्या एकाच वाक्याला जर्मनमधली ‘डू’वाली आणि ‘झी’वाली अशी दोन्ही भाषांतरं जोडलेली सापडतात, आपलं तू-तुम्हीच! वाक्य कृत्रिम वाटलं तर त्याखाली तसं लिहिता येतं. शिवाय मुक्त परवाना आहे, सगळी वाक्यं उतरवून घेता येतात. मी ती ‘अंकी’ या उजळणीच्या ॲपमध्ये घालून रोज उजळणी करतो. उद्या संकेतस्थळ बंद पडलं तरी ती माझ्याकडे राहतील, आणि कुणालाही त्यांवर नवं काही उभारता येईल.